पराभवाचे सुतक किती दिवस?

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे विश्वचषकाचा अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून जिंकला. त्यापूर्वी ओळीने दहा सामने जिंकलेला आपला संघ २४० धावांत आटोपला, आणि ट्रॅव्हिस हेड नामक एका मिशाळ गृहस्थाने एकट्याने १३७ धावा काढून निळ्या सदऱ्यांनी भरलेले ते अफाट मैदान गप्प करून टाकले. येथवर हकीकत झाली. आता फिर्याद.

सामन्याच्या आदल्या दिवसापासून देशभर देवळादेवळांतून होमहवने चालू होती. खेळाडूंच्या तसबिरी अग्नीसमोर मांडल्या गेल्या, अभिषेक झाले, नारळ फुटले. देवावर श्रद्धा ठेवणाऱ्याने अडचणीच्या वेळी देवाला हाक मारू नये, असे म्हणणारे आम्ही नव्हे. आमच्या घरीही ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातल्यावाचून कोणत्या कार्याची सुरुवात होत नाही. परंतु गाऱ्हाणे घालणे निराळे आणि देवाच्या हाती वकीलपत्र देऊन त्याला आपल्या पक्षातर्फे उभे करणे निराळे. वकिलीच्या धंद्यात एक साधा दंडक आहे: एकाच दाव्यात वादीचे व प्रतिवादीचे वकीलपत्र एकाच वकिलाने घेऊ नये. आता २६ मार्च २०१७ रोजी बांबोळीला झालेला संतोष करंडकाचा अंतिम सामना पाहा. एका बाजूला यजमान गोवा, दुसऱ्या बाजूला बंगाल. नियमित वेळ गोलावाचून गेली, जादा वेळही संपत आली, आणि ११९व्या मिनिटाला मनवीर सिंगने गोल करून करंडक बंगालला नेला. बंगाल्यांनी दुर्गामातेची करुणा भाकली असेल, आपण शांतादुर्गेची. ह्या दोघी काय दोन निरनिराळ्या वकील आहेत? त्यातून शांतादुर्गेची आख्यायिका आपल्यापैकी कोणाला सांगावयास नको. शिव आणि विष्णू ह्यांचे युद्ध जुंपले असता दोघांच्या मध्ये उभी राहून जिने ते मिटविले, ती ही देवी. तंटा मिटविणे हेच जिचे ब्रीद, तिच्यापुढे हात जोडून ‘आमच्या प्रतिपक्षाला धूळ चार’ असे म्हणणाऱ्या भक्ताला देवीचे चरित्र ठाऊक नाही, एवढेच म्हणता येईल. उद्या कोणी नाणेफेकीसाठी कौल लावावा आणि पाकळी उजवीकडे पडली तर आधी फलंदाजी घ्यावी, असाही प्रघात पडेल. आम्हांस त्याचे आश्चर्य वाटणार नाही. फक्त पाकळीची कीव येईल.

बरे, देवाला पक्षकार करून सामना जिंकला, तर निदान श्रेय देवाला जाते. हरल्यावर मात्र गंमत होते. देवाला जाब विचारण्याची कोणाची छाती नसते, म्हणून तो जाब माणसाला विचारला जातो. ज्यांच्या तसबिरी सकाळी अग्नीसमोर होत्या, त्यांचे पुतळे संध्याकाळी अग्नीत जातात. ही आमची खरी तक्रार आहे आणि ती आपल्याच घरातली आहे.

ह्या आवृत्तीचे वाचक इंदूरलाही आहेत, म्हणून इंदूरचेच उदाहरण घेऊ. १९७१ साली अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली आपण प्रथम वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. त्या आनंदात इंदूरला एक भली थोरली काँक्रीटची बॅट उभारण्यात आली आणि तिच्यावर विजयी वीरांची नावे कोरली गेली. तीन वर्षांनी तेच वाडेकर इंग्लंडला गेले. लॉर्ड्सवर १७ षटकांत ४२ धावांत आपला डाव संपला. त्यांतल्या नाबाद १८ एकट्या एकनाथ सोलकरांच्या. मालिका ३–० अशी गेली. आणि मग इंदूरच्या त्या बॅटीला लोकांनी विद्रूप केले. काँक्रीटच्या बॅटीने त्या सामन्यात किती धावा काढावयास हव्या होत्या, ह्याचा खुलासा अद्याप झालेला नाही. इकडे मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड आले. बॅटीला दुखले नसेल. पण घरात माणसे होती.

१३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध एक बाद ९८ वरून आठ बाद १२० अशी आपली दाणादाण उडाली, तेव्हा प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, आणि अखेर सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड ह्यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. त्या रात्री विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला. ह्या साऱ्या प्रकारात शोभून दिसले ते एवढेच. रडणे हा दुःखाचा प्रामाणिक उद्गार आहे, जळके बाकडे नव्हे. २००७ साली विश्वचषकात बांगलादेशाकडून हरल्यावर रांचीला धोनीच्या बांधून व्हावयाच्या घरावर हल्ला झाला. पुढे २०११ साली तोच धोनी विश्वचषक घेऊन आला, तेव्हा हल्लेखोर आनंदाने नाचले असतील. त्यांच्या गुडघ्यांना काही झाले नव्हते.

परंतु ह्याहून वाईट गोष्ट २४ ऑक्टोबर २०२१ ची आहे, आणि देवळाच्या मंडपात बसून वाचल्या जाणाऱ्या ह्या पानांवर ती सांगितलीच पाहिजे. दुबईला पाकिस्तानने आपल्याला दहा गडी राखून हरविले. दहा गडी राखून, म्हणजे आपल्या एकाही गोलंदाजाला बळी मिळाला नाही, आणि फलंदाजांनी तरी काय दिवे लावले होते! हरले ते अकरा जण. पण शिव्याशापांचा मारा करणाऱ्यांनी त्यांतून निवडून एकाचाच धर्म शोधून काढला, तो महंमद शमीचा. कर्णधार विराट कोहलीने दुसऱ्या सामन्यापूर्वी उघडपणे त्याची बाजू घेतली, हे त्याच्या एखाद्या शतकाइतकेच मोलाचे मानावे लागेल. देवाच्या नावाने जय मागण्याची सवय आणि पराजयानंतर धर्माच्या नावाने गुन्हेगार शोधण्याची सवय ह्या दोन सवयींचे एकमेकींशी नाते नाही, असे ज्यांस वाटते त्यांनी ते सिद्ध करावे. पुराव्याचा भार आम्ही त्यांच्यावर टाकतो.

गुन्हेगार हा शब्द आम्ही जाणून वापरला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ५११ कलमे होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ३५८ आहेत. दोन्ही ग्रंथ आम्ही व्यवसायापोटी वाचले आहेत. झेल सोडणे, पायचीत होणे, पेनल्टी हुकविणे हा अपराध असल्याचे कोठेही आढळले नाही, आणि कायद्याने जो अपराध नाही त्यास शिक्षा नाही, हे तत्त्व तर आरोपीला वकील मिळण्यापूर्वीपासून त्याच्या बाजूने उभे असते. तरीही शिक्षा होते, आणि जन्मठेपेहून लांब होते. आपल्या जुन्या राज्यकर्त्यांचीच भाषा बोलणारा ब्राझील हा देश घ्या. १६ जुलै १९५० रोजी रिओमध्ये विश्वचषक जिंकण्यास त्यास नुसती बरोबरी पुरत होती. उरुग्वेने २–१ असे हरविले आणि दोष गोलरक्षक बार्बोझाच्या माथी बसला. आपल्या देशात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, असे तो उतारवयात म्हणत असे. २००० साली तो वारला, तेव्हाच त्याची सुटका झाली. आणि कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारला तर १९९४ च्या विश्वचषकात स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेल्यानंतर दहा-अकरा दिवसांत मेदेयीन शहरात गोळ्या घालण्यात आल्या. येथे विनोद थांबतो.

दगडवाल्यांच्या उलट टोकाला दुसरा एक वर्ग आहे. तो म्हणतो, ‘अहो, खेळच तो! एवढे काय मनाला लावून घ्यावयाचे?’ गोव्यात ह्याच माणसाला ‘जाता तें बऱ्याक’ हे पाठ असते. ह्या वर्गाबद्दल आम्हांस दगडवाल्यांहून किंचितच अधिक आदर आहे. दगडवाल्याचे निदान काही हरवलेले असते. ह्याचे काहीच हरवलेले नसते. जो सामना लागला असता जेवून झोपला, त्याने सकाळी उठून समतेचा उपदेश करू नये. ज्याला शोक झाला नाही त्याने केलेला विनोद म्हणजे परक्याच्या घरी प्रेताभोवती जमून सांगितलेला चुटका होय.

आम्ही ज्याची वकिली करतो तो विनोद घरच्या माणसाचा असतो. त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना पाहा. २९ ऑगस्ट १८८२ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला जिंकण्यास अवघ्या ८५ धावा हव्या होत्या. स्पॉफर्थ ह्या ऑस्ट्रेलियन गोलंदाजाने त्या सामन्यात चौदा बळी घेतले आणि डब्ल्यू. जी. ग्रेससारखा महारथी संघात असून इंग्लंड ७७ वर बाद होऊन सात धावांनी हरले. निम्म्या जगावर हुकूम चालविणाऱ्यांना त्यांच्याच वसाहतीतल्या मुलांनी त्यांच्याच अंगणात लोळविले. मग २ सप्टेंबरला ‘स्पोर्टिंग टाइम्स’ पत्रात रेजिनाल्ड शर्ली ब्रूक्स ह्याने एक छोटीशी मृत्युवार्ता छापली: इंग्लिश क्रिकेटचे ओव्हलवर निधन झाले, आप्तमित्र शोकाकुल आहेत, देहाचे दहन होऊन राख ऑस्ट्रेलियास नेण्यात येईल. ह्यात ना कोणाला दोष, ना कोणाला शिवी, ना खेळाडूचे नाव. मेलेले आमचे, सुतक आमचे, आणि बातमीही आम्हीच देतो.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे, कारण ते आमच्या धंद्यातले आहे. ब्रूक्सने दहनाची बातमी दिली तेव्हा इंग्लंडात प्रेत जाळणे कायदेशीर की बेकायदेशीर, ह्याचाच मुळी निकाल लागलेला नव्हता. तो १८८४ साली लागला. वेल्समधील डॉक्टर प्राइस ह्याने आपल्या तान्ह्या मुलाच्या प्रेताचे दहन करण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्याच्यावर खटला झाला, आणि इतरांस उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नव्हे, असा निर्णय न्यायमूर्ती जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्यांनी दिला. हे स्टीफन म्हणजे ज्यांनी आपला १८७२ चा पुराव्याचा कायदा रचला तेच. जो कायदा ३० जून २०२४ पर्यंत आमच्या बगलेत होता, त्याच्या कर्त्याने इंग्रजांना आपल्यासारखे जळण्याची मुभा दिली. आणि त्यापूर्वी दोन वर्षे एका विनोदी पत्रकाराने ती परस्पर देऊन टाकली होती!

पुढे आयव्हो ब्लाय हा इंग्लिश कर्णधार ‘राख’ परत आणतो म्हणून ऑस्ट्रेलियास गेला, आणि मेलबर्नकडील काही स्त्रियांनी त्याला थट्टेने एक मातीचा कलश भेट दिला. तो अर्धी वीतभर उंच आहे आणि आज लॉर्ड्सच्या संग्रहालयात आहे. आपल्या धर्मसिंधूचा विचार घेतला तर ती राख केव्हाच टेम्स नदीत सोडावयास हवी होती. पण त्यांनी ती घरात ठेवली आणि सव्वाशेहून अधिक वर्षे तिच्यावरून भाऊबंदकी चालविली आहे. त्यातही गंमत अशी, की मालिका ऑस्ट्रेलियाने जिंकली तरी मूळ कलश लॉर्ड्सवरच राहतो. हुकूमनामा एकाच्या नावे आणि कब्जा दुसऱ्याकडे, हा प्रकार आपल्या तालुका न्यायालयातल्या कोणत्याही कुळाला समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्याकडे असा मसाला कमी आहे काय? ७ जून १९५२ रोजी लीड्सला भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि फलकावर शून्य धावांत चार गडी बाद अशी नोंद लागली. कसोटीच्या इतिहासात डावाचा असा आरंभ त्यापूर्वी कोणी केला नव्हता. शून्यावर गेलेले चौघे म्हणजे पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. चारांपैकी तिघे मराठी! मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ काढल्या होत्या, हे त्यांच्या बाजूने नमूद करून ठेवतो. मग डाव सावरला कोणी, तर बडोद्याचे विजय हजारे (५६) आणि दत्तू फडकर (६४) ह्यांनी. म्हणजे पाडणारा इंग्रज असला तरी पडण्याचे आणि सावरण्याचे काम बहुतांशी मराठी मंडळींनी आपसांत वाटून घेतले होते. बडोद्यातल्या एखाद्या मराठी मंडळाने ७ जूनला ‘शून्य-चार’ ह्या तिथीची पंगत घालावी, असे आम्हांस फार वाटते. पहिल्या वाढीला पानात काही वाढू नये, म्हणजे झाले. दत्ताजीराव २०२४ साली वयाच्या ९५व्या वर्षी बडोद्यालाच निवर्तले. लीड्सच्या शून्याने त्यांचे आयुष्य काही कमी केले नाही.

आणि अगदी अलीकडचे म्हणाल, तर १९ डिसेंबर २०२० चे ॲडलेड. आपला संघ ३६ धावांत बाद झाला. एकालाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही. त्या दिवशी वीरेंद्र सेहवागने सर्व फलंदाजांच्या धावा ओळीने मांडून, ४९२०४०८४०४१, हा सामना विसरण्यासाठी लागणारा ओटीपी असल्याचे जाहीर केले. ह्या अकरा आकड्यांची बेरीज करून पाहा, छत्तीसच येते. असे विडंबन करावयास माणूस आतून दुखावलेला असावा लागतो आणि स्वतः कधी तरी शून्यावर बाद झालेला असावा लागतो.

आमच्यावर आक्षेप येईल तो असा: हसून हार पचविणाऱ्याच्या अंगी जिंकण्याची ईर्ष्या राहत नाही, शेपूट घातलेल्याचे हे हसू आहे. त्या छत्तीसनंतर बरोबर एक महिन्याने, १९ जानेवारी २०२१ रोजी, अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली आपण ब्रिस्बेन जिंकून मालिका २–१ अशी घेतली. सेहवागच्या थट्टेमुळे ती जिंकली, असा दावा आम्ही करणार नाही. तो पुराव्यात टिकणार नाही. पण त्या थट्टेने ईर्ष्या मेली नाही, एवढे तरी शाबीत झाले. उलट दगडाने कोणाची फलंदाजी सुधारली, ह्याचा एक दाखला प्रतिपक्षाने हजर करावा. वाडेकरांना त्याच वर्षी पश्चिम विभागाच्या संघातून वगळले आणि त्यांनी खेळणेच सोडले.

आणखी एक आक्षेप असा येईल, की अशी थट्टा आपल्या संस्कृतीत बसत नाही. ज्यांस असे वाटते त्यांनी जत्रेच्या रात्री जरा उशिरापर्यंत जागावे. दशावतारातला संकासुर वेद चोरतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. आपण हरणार, हे त्याला ठाऊक, प्रेक्षकांना ठाऊक, पेटीवाल्याला ठाऊक. तरी जिंकणाऱ्या विष्णूला त्या रात्री नमस्कार मिळतात आणि हरणाऱ्या संकासुराला हशा मिळतो. आणि सकाळी मुले घरी जाताना नक्कल करतात ती संकासुराची. हे सारे देवळाच्या दारात, देवाच्या समक्ष चालते, आणि आजवर कोणत्याही महाजनाने त्यास हरकत घेतलेली नाही.

मात्र थट्टा कोणाची आणि कोणी करावी, ह्यास मर्यादा आहे. हरलेल्या घरातल्या माणसाने स्वतःच्या घराची करावी. पडलेल्या एकट्या माणसाकडे बोट दाखवून दहा जणांनी हसणे, हा विनोद नव्हे. तो दगडच असतो, फक्त त्याला वजन नसते. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्यावर एफ. सी. गोवा ८७व्या मिनिटाला चेन्नईविरुद्ध २–१ असा पुढे गेला होता. ९०व्या मिनिटाला चेंडू गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या नावावर स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा गोल करून करंडक नेला. सव्वासहा वर्षांनी, २० मार्च २०२२ ला, त्याच फातोर्ड्यावर हैदराबादच्या गोलात तोच कट्टीमनी उभा होता. पेनल्टींवर निकाल लागावयाचा होता. त्याने तीन अडविल्या आणि हैदराबाद विजेता झाला. ही गोष्ट सांगितली की ऐकणारा समाधानाने मान हलवितो, की पाहा, कसे फेडले! आम्हांस त्या ‘फेडले’चाच राग आहे. त्याने कोणाचे काय देणे लागत होते? त्या तीन पेनल्टी सुटल्या असत्या, तर २०१५ ची थकबाकी व्याजासह त्याच्या डोक्यावर राहिली असती काय? मडगावच्या बाजारात ताठ मानेने मासळी घेण्याचा त्याचा हक्क २०२२ साली उत्पन्न झालेला नाही. तो २०१५ च्या त्या रात्रीही अबाधित होता.

तेव्हा पुढच्या मोठ्या सामन्यापूर्वी आपल्या देवस्थानांच्या महाजनांपुढे आम्ही एक ठराव ठेवू इच्छितो. सामन्यापूर्वीचे होमहवन बंद करावे. कोणास अभिषेक करावयाचाच असेल, तर तो आपण हरल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी करावा, आणि ज्याच्या हातून झेल सुटला वा जो शून्यावर गेला त्याच्या नावे, त्याच्या आरोग्यार्थ करावा. सुतकाची अडचण नाही, कारण सपिंडाचे सुतक दहा दिवसांचे असले तरी पराभवाचे आंघोळीपुरतेच मानावे, असे आमचे मत आहे. पावती फाडताना कारकून नाव आणि गोत्र विचारील. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप लिहावयाची रूढी आहे, आणि ती सर्वांना लागू आहे. देणगीदार उदार असेल तर एक पावती प्रतिपक्षाचीही फाडता येईल: श्री. ट्रॅव्हिस हेड, काश्यप गोत्र, एकशे एक रुपये.